जळालेले नाट्यगृह आणि जगवायची कला

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह आगीच्या भक्ष्यस्थानी पडले. दुसरा दिवस केशवरावांच्याच जयंतीचा! शाहू महाराजांनी १९१५ साली उभारलेल्या या ‘पॅलेस थिएटर’ला १९५७ मध्ये त्या थोर गायक-नटाचे नाव लाभले. वास्तू होती तशीच पुन्हा उभी राहावी, हा कोल्हापूरकरांचा आग्रह रास्तच. परंतु मला तो अपुरा वाटतो. नाटक काही नुसत्या दगडी भिंतींवर जगत नाही. पडदे रंगवणारा, टोप करणारा, कपडेपट सांभाळणारा, मध्यंतरात चहा विकणारा, या साऱ्यांची चूल प्रयोगांवर पेटते. रंगमंच अंधारला की त्यांच्या हाताला काम उरत नाही. मग ते हात दुसरा धंदा शोधतात आणि कसब कायमचे जाते.

म्हणून जीर्णोद्धाराची माझी कसोटी साधी आहे : हौशी मंडळींना परवडेल अशी तालमीची खोली आणि कारागिरांना कामापुरती पडवी तेथे मिळते काय? केशवरावांनी १९०८ साली ‘ललितकलादर्श’ काढली, तेव्हा त्यांना अठरावे वर्षही पुरे झाले नव्हते. तेवढ्याच वयाच्या, रिकाम्या खिशाच्या पोराला तेथे उभे राहता आले, तरच नाट्यगृह परत मिळाले म्हणावे. एरवी मिळाली ती इमारत!