आवाज आणि आवाजाचा जाच

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात कानाचे 28 रोग सांगितले आहेत. कर्णनाद हा त्यांपैकी एक. बाहेर काहीही वाजत नसताना शिट्टी, रातकिड्यांची किरकिर किंवा गाज ऐकू येत राहणे, ही तक्रार इतकी जुनी आहे. आजचे डॉक्टर तिला टिनिटस म्हणतात. चेक संगीतकार बेद्रिच स्मेतना 1874 मध्ये बहिरा झाला. 1876 मध्ये लिहिलेल्या ‘माझ्या आयुष्यातून’ या तंतुवाद्यांच्या रचनेच्या अखेरच्या भागात त्याने आपल्या कानातला आवाज व्हायोलिनच्या एका उंच, ताणून धरलेल्या स्वरात मांडला. स्वर कागदावर उतरला, पण त्या स्वराने त्याला किती छळले याचे मोजमाप त्या टिंबात नाही. कर्णनादावरील चुंबकीय उपचाराच्या संशोधनाकडे पाहताना आवाज आणि जाच यांतला हा फरक हाताशी ठेवावा लागतो, कारण त्या संशोधनातच तो वारंवार पुसला गेला आहे.

उपचाराचे तत्त्व फॅरेडेचे आहे: बदलते चुंबकीय क्षेत्र वीजप्रवाह निर्माण करते. 1985 मध्ये शेफील्डच्या अँथनी बार्कर आणि सहकाऱ्यांनी तारेचे वेटोळे डोक्यावर धरून, कवटी न उघडता, मेंदूचा पृष्ठभाग उद्दीपित करून दाखवला. पुढे असे आढळले की सेकंदाला एक या संथ गतीने ठोके दिले तर त्या भागाची उत्तेजना सहसा कमी होते आणि जलद ठोक्यांनी वाढते. 2008 मध्ये अमेरिकेत नैराश्यावर या यंत्राला मान्यता मिळाली.

कर्णनादाशी त्याची सांगड घालणारा तर्क आकर्षक होता. कानाकडून येणारे संदेश घटले की मेंदू जणू आपलीच ‘व्हॉल्यूम’ वाढवतो. श्रवणाची नस कापूनही काही रुग्णांचा आवाज थांबत नाही, म्हणजे तो केवळ कानात नाही. मग मेंदूचा अतिउत्तेजित श्रवणभाग संथ ठोक्यांनी शांत का करू नये? 2003 च्या सुमारास जर्मनीत रेगेन्सबर्ग आणि ट्यूबिंगेन येथून पहिले आशादायक अहवाल आले.

नंतरच्या दोन चाचण्या शेजारी ठेवून वाचल्या पाहिजेत. पोर्टलंडच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयातली चाचणी 2015 मध्ये प्रसिद्ध झाली. सेकंदाला एक या गतीने रोज 2000 ठोके, असे 10 दिवस. खरा उपचार मिळालेल्या 32 जणांपैकी 18 जणांना फरक पडला. लुटुपुटीचा उपचार मिळालेल्या 32 पैकी 7 जणांनाही पडला. 2017 मध्ये जर्मनीतील अनेक केंद्रांनी दीडशेहून अधिक रुग्णांवरील निष्कर्ष मांडले. ठोके तेवढेच, गती तीच, दिवसही 10. तेथे खरा उपचार लुटुपुटीच्या उपचारापेक्षा सरस ठरला नाही.

हा विरोध रुग्णांची संख्या, निवड किंवा वेटोळ्याची जागा यांवर ढकलता येतो, आणि त्यात तथ्यही असेल. पण अडचण त्याआधीची आहे. दोन्ही चाचण्यांत वेटोळे रोखले होते श्रवणभागावर, म्हणजे आवाजावर. मोजमाप मात्र प्रश्नावलीने केले, म्हणजे जाचाचे. झोप किती लागते, लक्ष किती विचलित होते, मन किती खचते, असे प्रश्न आणि त्यांचे गुण. पोर्टलंडला वापरलेल्या प्रश्नावलीत 25 प्रश्न आणि 0 ते 100 गुण असतात. तिच्या कर्त्यांनी 13 गुणांची घट ही रुग्णाला जाणवण्याजोगी मानली होती. ‘फरक पडला’ या शब्दांमागे अशी कुणीतरी आखलेली रेघ असते. ती ओलांडणाऱ्याच्या कानातला आवाज तसाच असू शकतो.

बाण एकीकडे आणि लक्ष्य दुसरीकडे, अशी ही स्थिती आहे. त्यातून ‘मेंदूतला आवाज बंद करणारे चुंबक’ असा दावा निघू शकत नाही. शिवाय प्राथमिक श्रवणभाग मेंदूच्या खोल घडीत दडलेला असतो आणि वेटोळ्याचा प्रभाव जेमतेम दोन-तीन सेंटीमीटर पोहोचतो. नेमके काय शांत केले जाते, हेही त्यामुळे धूसर राहते. वेटोळे स्वतः इतके खटखटते की रुग्णाच्या कानात बोळे घालावे लागतात. डोक्यावर टिचक्या बसतात. आपल्याला खरा उपचार मिळतो की खोटा, हे रुग्णापासून लपवणे मग सोपे राहत नाही.

त्या 7 जणांकडेही नीट पाहायला हवे. त्यांना मिळालेला दिलासा खोटा नव्हता. रोज कुणीतरी वेळ देते, तक्रार खरी मानते, दहा दिवस काळजी घेते, यानेही जाच उतरत असावा. आवाज काढता आला नाही तरी जाच कमी करता येतो, ही गोष्ट मानसोपचाराने आधीच दाखवली आहे. अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या अकादमीने 2014 च्या मार्गदर्शक सूचनांत चुंबकीय उपचार नेहमीच्या वापरासाठी नको म्हटले आणि विचारांची सवय बदलणाऱ्या कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपीची शिफारस केली. सूचना या दोन चाचण्यांच्या आधीच्या आहेत. मात्र नंतरच्या परस्परविरोधी निकालांनी त्या उलटवण्याजोगा पुरावा दिला, असे म्हणता येत नाही.

नैराश्यासाठी ही यंत्रे मुंबई-पुण्याच्या दवाखान्यांतही आली आहेत. यंत्र आले की त्याच्या खुर्चीवर कर्णनादाचा रुग्ण बसवण्याचा मोह दूर नसतो, आणि रात्र रात्र जागणारा माणूस पैशांची घासाघीस करत नाही. त्याने एवढेच विचारावे: कमी काय होणार, आवाज की जाच? आणि ते कशाने मोजणार? उत्तर ‘आवाज’ असेल तर पुरावा मागावा. उत्तर ‘जाच’ असेल तर आधी श्रवणतपासणी, गरज असल्यास श्रवणयंत्र आणि मानसोपचार यांचा विचार व्हावा. चुंबकावर संशोधन जरूर चालू राहावे. पण संशोधनाचा खर्च रुग्णाच्या खिशातून, उपचार या नावाखाली, निघू नये.