आन्नियस प्लोकॅमस व बेरेनिकेच्या वाटेवरील शिलालेख

ग्रंथांतील एखादें नांव दगडावर कोरलेलें आढळलें म्हणजे संशोधकास केवढा हर्ष होतो हें आम्हीं अनुभवानें जाणतों. परंतु त्या हर्षाच्या भरांत दगड जें बोलला नाहीं तेंहि त्याच्या तोंडीं घातलें जातें. रोमन लोकांच्या पूर्वसमुद्रावरील व्यापाराविषयीं लिहिणाऱ्या कित्येकांनीं आन्नियस प्लोकॅमस याच्या बाबतींत हाच प्रमाद केला आहे.

मूळ साधनें दोन. पहिलें म्हणजे प्लिनीनें इ. स. ७७ त टायटसास अर्पण केलेल्या निसर्गेतिहासाच्या सहाव्या खंडांतील सिंहलद्वीपाचें प्रकरण. सम्राटाच्या खजिन्याकडून तांबड्या समुद्रावरील जकातीचा मक्ता घेतलेल्या आन्नियस प्लोकॅमस याचा एक मुक्त केलेला दास अरबस्तानाभोंवतीं जलपर्यटन करीत असतां उत्तरेच्या वाऱ्यांत सांपडला, किर्मानाच्याहि पलीकडे वाहवला आणि पंधराव्या दिवशीं हिप्पुरोस नामक बंदरास लागला. तेथील राजानें त्यास आश्रय दिला. सहा महिन्यांत तो तेथील भाषा शिकला व राजाच्या प्रश्नांस उत्तरें देऊं लागला. त्याच्याजवळच्या रोमन नाण्यांवर मुखवटे निरनिराळे, पण वजन सर्वांचें सारखें, हें पाहून राजास रोमनांच्या सचोटीचें आश्चर्य वाटलें व त्यानें चार वकील पाठविले. त्यांच्या प्रमुखाचें नांव राखिअस. (यांत ‘राजन्’ शब्द पाहण्याचा मोह संस्कृतज्ञांस होतो. आम्हांसहि झाला होता. पण नुसत्या ध्वनिसाम्यास आम्ही प्रमाण मानीत नाहीं.) हें सर्व प्लिनी क्लॉडियसच्या कारकीर्दींत, म्हणजे इ. स. ४१ ते ५४ च्या दरम्यान घालतो.

दुसरें साधन मिसर देशांतील कॉप्टोसहून बेरेनिके बंदरास जाणाऱ्या वाळवंटी वाटेवरचें. तेथें वादी मेनीह या ठिकाणच्या खडकावर पब्लियस आन्नियस प्लोकॅमसचा लिसास नांवाचा दास आपण येथें आल्याचें लॅटिन व ग्रीक अशा दोन्ही भाषांत कोरून गेला आहे. डेव्हिड मेरेडिथ यांनीं हे लेख १९५३ सालीं प्रसिद्ध केले. वर्ष सीझरचें, म्हणजे ऑगस्टसचें, ३५ वें, अर्थात् इ. स. ६. गंमत अशी कीं, ग्रीक तिथि हिशेबानें २ जुलै येते व लॅटिन ५ जुलै. दिनशुद्धीविषयीं आग्रही असणारे पंडित या तीन दिवसांच्या अंतराकडे फारसें लक्ष देत नाहींत!

या लेखावरून प्लिनी चुकला, सफर ऑगस्टसच्या काळींच झाली, असा निष्कर्ष काढण्यांत आला. आम्हांस तो मुळींच मान्य नाहीं. प्लिनी प्लोकॅमस क्लॉडियसच्या काळीं मक्ता चालवीत होता असें म्हणत नाहीं. मक्ता ‘घेतला होता’ असें पूर्णभूताचें क्रियापद तो योजतो. शिवाय धनी मेला तरी मुक्त दास त्याचाच मुक्त दास म्हणून आमरण ओळखला जाई. तेव्हां धन्याचा व्यवहार ऑगस्टस-टायबेरियसच्या काळचा व त्याच्या माणसाची सफर क्लॉडियसच्या काळची, असें मानण्यास कोणतीहि आडकाठी नाहीं. ग्रंथ व दगड यांत विरोधच नसतां ग्रंथास खोटें पाडण्याचें प्रयोजन काय? पुढें प्लोकॅमस हा एकच होता हें तरी कशावरून? प्लिनी पब्लियस हें नांव देत नाहीं. बाप-लेकांचीं नांवें एकच असणें रोमनांत नित्याचें होतें. आपल्या दप्तरांत नुसतें ‘बाळाजी’ एवढें पाहून १७२० सालीं वारलेले आजोबा व १७६१ सालीं वारलेला नातू यांस कोणी एक करील काय? लिसास हाच तो खलाशी, या तर्काविषयीं तर लिहिण्याचेंहि कारण नाहीं. लिसास दास आहे व प्लिनीच्या माणसास नांवच नाहीं.

अधिक महत्त्वाचा प्रश्न दर्जाचा आहे. जकातीचे मक्ते रोमन राज्यांत बहुधा अश्वारोही वर्गाच्या हातीं असत, म्हणून प्लोकॅमसचें घराणेंहि त्याच वर्गांतील एक लहान घराणें, असें बेधडक लिहिलें जातें. परंतु ‘प्लोकॅमस’ हा ग्रीक शब्द. अर्थ केसांची बट. असलीं ग्रीक उपनामें इटलींत पुष्कळदां दास्यमुक्तांच्या वंशांत आढळतात. आणि अश्वारोही सुवर्णमुद्रिकेचा अधिकार इ. स. २३ च्या ठरावानें ज्याचा बाप व आजा दोघेहि जन्मतः स्वतंत्र व ज्याची मालमत्ता चार लक्ष सेस्टर्सची, त्यासच राहिला, हें आपल्याला प्लिनीच ३३ व्या खंडांत सांगतो. प्लिनी स्वतः त्या वर्गांतला. नीरोच्या काळीं अंबर आणावयास उत्तर समुद्राकडे गेलेल्या गृहस्थाचा उल्लेख करतांना तो अश्वारोही होता हें नमूद करण्यास तो चुकत नाहीं. प्लोकॅमसविषयीं मात्र मौन. मौन हा पुरावा नव्हे हें खरें. पण त्याच्या विरुद्ध बाजूस उभा करावयास दुसऱ्या पक्षाजवळ काय आहे? पुतिओली बंदरांत आन्नियस कुळाचें वजन मोठें होतें, त्यांच्या नांवानें तेथें एक बॅसिलिका होती, हें लेखांवरून सिद्ध आहे. परंतु कुळाचा मान प्रत्येक शाखेस लागू करूं लागलें तर भोसले आडनांवाच्या प्रत्येक पाटलास छत्रपतींचा भाऊबंद म्हणावें लागेल.

निश्चित उरतें तें एवढेंच: इ. स. ६ मध्यें या मक्तेदाराच्या घरचा एक साक्षर दास बेरेनिकेच्या वाटेवर होता. त्याच खडकाळ आश्रयस्थानीं गायस नुमिडियस एरॉस यानें, ऑगस्टसच्या २८ व्या वर्षीं हिंदुस्थानाहून परततांना, आपलें नांव कोरून ठेविलें आहे. तेथें तरी ‘हिंदुस्थानाहून’ हा शब्द स्पष्ट आहे. लिसासनें आपण कोठून आलों किंवा कोठें निघालों हें लिहिलेलें नाहीं. प्लोकॅमसच्या दर्जाचा निकाल लावावयाचा तर पुतिओलीच्या मातींतून त्याच्या पित्याचें नांव व त्याचा ‘ट्रायबस’ सांगणारा एखादा थडग्याचा दगड निघाला पाहिजे.