'हू फ्रेम्ड रॉजर रॅबिट'मधील 'टून' आणि शहर : एक चिकित्सक अभ्यास

जिवंत नट आणि रेखाटलेली पात्रे एकाच चौकटीत आणणारे चित्रपट बहुधा तांत्रिक नवलाई म्हणून गौरविले जातात. रॉबर्ट झेमेकिस दिग्दर्शित 'हू फ्रेम्ड रॉजर रॅबिट' (१९८८) या विनोदी चित्रपटाच्या ॲनिमेशनसाठी रिचर्ड विल्यम्स यांना विशेष ऑस्कर मिळाले. परंतु या चित्रपटात तंत्र आणि आशय यांची फारकत करता येत नाही.

कथानक १९४७ च्या लॉस एंजेलिसमध्ये घडते. व्यंगचित्रपटांतील पात्रे, म्हणजेच 'टून', स्टुडिओत काम करतात आणि 'टूनटाउन' या वस्तीत राहतात. रॉजर या सशावर खुनाचा आळ येतो. टूनांचा तिरस्कार करणारा खाजगी गुप्तहेर एडी (बॉब हॉस्किन्स) त्याला नाइलाजाने आश्रय देतो. 'इंक अँड पेंट क्लब'मध्ये टून कला सादर करतात, पेये आणून देतात. ग्राहक म्हणून प्रवेश मात्र माणसांनाच असतो. न्यूयॉर्कच्या हार्लेममधील कॉटन क्लबमध्ये कलावंत कृष्णवर्णीय आणि प्रेक्षक गोरे असत, याचे येथे स्मरण होते.

मद्यालयामागील खोलीतल्या प्रसंगात धक्का लागून टांगता दिवा झुलू लागतो आणि रॉजरवरील छायाप्रकाश क्षणोक्षणी बदलतो. हे सारे हाताने रेखाटलेले आहे. कथेला त्याची गरज नव्हती. पण एकाच दिव्याखाली आल्याने माणूस व ससा एकाच जगाचे रहिवासी ठरतात. म्हणूनच न्यायाधीश डूम एका निरपराध टून-बुटाला टर्पेंटाइन, ॲसिटोन व बेन्झिनच्या मिश्रणात बुडवितो, तेव्हा हसू थांबते. चित्र पुसले जाण्याऐवजी जीव गेल्याचा प्रत्यय येतो.

शेवटाकडे मात्र चित्रपटाची सामाजिक जाण डळमळते. 'रेड कार' ही ट्रामसेवा मोडीत काढून आणि टूनटाउन नष्ट करून द्रुतगती महामार्ग उभारण्याचा डूमचा बेत असतो. प्रत्यक्षातही रेड कारची अखेरची सेवा १९६१ मध्ये बंद झाली; बॉइल हाइट्ससारख्या श्रमिकांच्या वस्त्या महामार्गांनी चिरल्या गेल्या. त्यामागे शासकीय नियोजन, मोटारींचा प्रसार आणि जमिनीचे अर्थकारण होते. चित्रपटात हे सर्व एका खलनायकात सामावते आणि तोही अखेर वेषांतर केलेला टूनच निघतो. परिणामी वस्तीचा शत्रू वस्तीतूनच आलेला दिसतो व माणसांची व्यवस्था दोषमुक्त होते. पुढे हरवलेले मृत्युपत्र सापडून टूनटाउन टूनांच्या मालकीचे होते. हक्काचा प्रश्न अशा रीतीने एका दिवंगत मालकाच्या औदार्यावर सुटतो.

सुखान्ताची अपेक्षा बाळगणाऱ्या कौटुंबिक विनोदाची ही मर्यादा होय. तथापि, टूनांच्या देहाला वजन, सावली व मरण देऊन याच चित्रपटाने त्यांच्याविषयी न्यायाची अपेक्षा निर्माण केली, हेही मान्य करावे लागते. त्यामुळे चित्रपटाच्या अध्यापनात 'हे कसे साधले?' या प्रश्नाबरोबरच 'या हास्याने कोणाला सोडून दिले?' हा प्रश्नही विचारला जाणे आवश्यक आहे.