‘वारंवार’ म्हणजे किती वेळा?

उल्हासनगर कॅम्प चारमधल्या आमच्या शेजारच्या बाईंनी मला घरी बोलावलं. मुलगा दुसरीत, शाळेनं पालकांसाठी इंग्रजी फॉर्म दिला होता, तो मराठीत सांगायचा होता. जीन्सचे धागे कापता कापता त्या ऐकत होत्या आणि पहिल्याच प्रश्नाला अडल्या. ‘‘दादा, वारंवार म्हणजे किती वेळा?’’ मला सांगता आलं नाही. तेव्हापासून या मोजपट्ट्यांविषयी मिळेल ते वाचत आलो. बाईंचा प्रश्न हीच त्यांची खरी परीक्षा आहे, असं आता वाटतं.

फॉर्म व्हँडरबिल्ट मोजपट्टीचा होता. लक्ष न टिकण्याची नऊ लक्षणं, अतिचंचलपणा व उतावळेपणाची नऊ. प्रत्येकापुढे चार पर्याय : कधीच नाही, कधीकधी, वारंवार, फारच वारंवार, गुण ० ते ३. लक्षण धरायचं ते २ किंवा ३ गुण असतील तरच. एका गटातली नऊपैकी सहा लक्षणं भरली आणि अभ्यासात किंवा वागण्यात अडचणही दिसली, की मूल संशयित ठरतं. म्हणजे सगळा भार ‘कधीकधी’ आणि ‘वारंवार’ या दोन क्रियाविशेषणांमधल्या फटीवर. ती फट प्रत्येक भाषेत, प्रत्येक घरात वेगळ्या रुंदीची असते.

शिवाय प्रश्नांच्या मागे एक घर गृहीत आहे. मूल जागेवर बसतं का, शांतपणे खेळतं का, हे विचारणाऱ्याच्या मनात बसायला जागा आणि खेळायला शांतता आहे. इथे एका खोलीत शिलाई मशीन, टीव्ही आणि तीन भावंडं. आईनं १ दिला, तिथे गच्च भरलेला वर्ग सांभाळणाऱ्या बाईंनी ३ दिले. खोटं कोणीच बोललं नाही.

अशी तफावत सर्वत्र दिसते. १९८७ मध्ये आखेनबाख आणि सहकाऱ्यांनी ११९ अभ्यास एकत्र तपासले. पालक-शिक्षक अशा वेगवेगळ्या भूमिकांतल्या साक्षीदारांचा सहसंबंध सरासरी ०.२८ निघाला, एकाच भूमिकेतल्या, म्हणजे आई-वडिलांसारख्या जोड्यांचा ०.६०. म्हणूनच निदानाच्या नियमांत लक्षणं किमान दोन ठिकाणी दिसण्याची अट आहे.

दुसरी अडचण गणिताची. समजा, एखादी मोजपट्टी शंभर बाधित मुलांपैकी नव्वद ओळखते आणि शंभर निरोगी मुलांपैकी नव्वदांना बरोबर सोडून देते. रुग्णालयात आलेल्या हजार मुलांत पाचशे बाधित असतील, तर बोट ठेवलेल्या पाचशेंपैकी साडेचारशे खरी. तीच मोजपट्टी शाळांतल्या हजार मुलांना लावा, ज्यांत बाधित पन्नासच आहेत. खरी पंचेचाळीस सापडतील, पण सोबत पंच्याण्णव निरोगी मुलंही. बोट ठेवलेल्या तिघांपैकी जेमतेम एक खरा. पट्टी बदललेली नाही, गर्दी बदलली आहे. रुग्णालयातला आकडा शाळेत मिरवणं ही गंभीर चूक होय.

भारतात हे काम झालेलंच नाही, असं नाही. सहा ते नऊ वर्षांच्या मुलांसाठी इन्क्लेनचं निदानसाधन २०१४ मध्ये ‘इंडियन पेडिअ‍ॅट्रिक्स’मध्ये प्रसिद्ध झालं. ते तज्ज्ञांच्या निदानाशी ताडून पाहिलेलं आहे. प्रशिक्षित व्यक्ती समोर बसून पालकांना विचारते, हे मला मोलाचं वाटतं. ‘वारंवार’चा अर्थ तिथल्या तिथे उलगडता येतो. मात्र तीही चाचणी मोठ्या रुग्णालयांतच झाली, हे विसरू नये.

मग पट्ट्या फेकून द्याव्यात का? मुळीच नाही. त्या नव्हत्या तेव्हा अशी मुलं ‘ढ’ किंवा ‘वांड’ ठरून मार खात होती, आणि खिडकीबाहेर बघत गप्प बसणारी मुलगी तर कोणाच्या नजरेतच येत नव्हती. प्रश्नावली किमान नीट बघायला लावते. मात्र ती चाळणी आहे, निकाल नव्हे. फॉर्म वाटणाऱ्यानं तीन गोष्टी सांगायलाच हव्यात : भाषांतर कोणी केलं, कोणत्या मुलांवर तपासलं, आणि गुण भरल्यावर मुलाला प्रत्यक्ष कोण बघणार.

त्या दिवशी आम्ही आकड्यांशेजारी समासात लिहीत गेलो : ‘गृहपाठाला बसला की चारदा उठतो, दोनदा लहान बहिणीनं हाक मारली म्हणून.’ डॉक्टरांनी समास आधी वाचला आणि बहिणीबद्दलच पहिलं विचारलं, असं बाईंनी नंतर सांगितलं.