संशयाची दिशा : गोगोल आणि लू शुन

गोगोलची ‘वेड्याची रोजनिशी’ ही कथा १८३५ मध्ये प्रसिद्ध झाली. त्याच शीर्षकाची लू शुनची कथा मे १९१८ मध्ये ‘शिन छिंगन्यान’ (नवयुवक) या नियतकालिकात आली. शीर्षक आणि रोजनिशीचा घाट यांबाबतचे गोगोलचे ऋण उघड आहे. परंतु तौलनिक विचार प्रभावापाशीच थांबला, तर या दोन कृतींत भ्रमाचे मानसशास्त्र कसे भिन्न रीतीने कार्य करते, हा प्रश्न दुर्लक्षित राहतो.

संशयभ्रमात तर्काचा अभाव नसतो. तर्क अखंड चालू असतो. मात्र त्याचे मूळ गृहीतक तपासणीपलीकडे गेलेले असते. त्यामुळे विरोधी पुरावाही भ्रमालाच पुष्टी देतो. गोगोलचा कारकून पोप्रीश्चिन स्वतःला स्पेनचा राजा मानतो आणि वेड्यांच्या इस्पितळात बसलेले काठीचे तडाखे हा उच्चपदप्रवेशाचा सरदारी रिवाज समजतो. त्याचा महत्ताभ्रम हा कचेरीतील अवहेलनेवरचा उतारा आहे.

लू शुनच्या निवेदकाला पीडनभ्रम आहे. शेजारच्या कुत्र्याची नजर, वैद्याने नाडी पाहणे, हे सारे त्याला आपल्याला खाण्याच्या कटाचे पुरावे वाटतात. आतील असह्य भाव बाहेरून आल्यासारखा भासतो, ही फ्रॉइडने १९११ मध्ये श्रेबरच्या आत्मकथनाच्या विवेचनात मांडलेली प्रक्षेपणाची कल्पना येथवर लागू पडते. बाराव्या नोंदीत मात्र ती अपुरी ठरते. आपणही नकळत बहिणीचे मांस खाल्ले असेल, असे निवेदकाला वाटते. भ्रमाची चौकट तशीच राहते. आरोपाची दिशा उलटते.

कन्फ्यूशियन नीतिव्यवस्थेवरील रूपक म्हणून या कथेचे झालेले वाचन सयुक्तिक आहे. पण त्यात निवेदक द्रष्टा ठरतो आणि रुग्ण नाहीसा होतो. सेंदाई येथे वैद्यकाचे शिक्षण घेतलेल्या लू शुनने प्रास्ताविकात आजाराला पीडनभ्रमाचेच नाव दिले आहे. हे प्रास्ताविक अभिजात चिनीत, तर रोजनिशी बोलभाषेत आहे. रुग्ण बरा होऊन सरकारी पदाच्या प्रतीक्षेत गेला, ही वार्ता अभिजात भाषाच देते. बरे होणे म्हणजे त्याच व्यवस्थेत परतणे होय.

ओळींमागे दडलेला अर्थ शोधणारा समीक्षक या निवेदकाचीच पद्धत अवलंबीत असतो. त्या पद्धतीला भ्रमापासून वेगळे करते ती बाराव्या नोंदीतील कृती : संशयाच्या कक्षेत स्वतःलाही घेणे.