बोरीबंदर स्थानकाच्या इतिहासांतील कांहीं अपपाठ

मुंबईच्या बोरीबंदर स्थानकाविषयीं, म्हणजे ज्यास आज छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनस म्हणतात त्या इमारतीविषयीं, गेल्या कांहीं वर्षांत मराठींत पुष्कळ लिहिलें गेलें आहे. २००४ सालीं युनेस्कोनें तिला जागतिक वारशाच्या यादींत घेतल्यापासून तर ह्या लिखाणास ऊतच आला. तें वाचीत असतां एखाद्या पोथीच्या दहावीस उत्तरकालीन प्रती पुढ्यांत पडल्यासारखें प्रस्तुत लेखकास वाटलें. मागच्या लेखकाचा प्रमाद पुढचा इमानें उतरून घेतो, वर आपला एखादा घालतो. आणि मूळ प्रत भर रस्त्यावर उभी असून तिच्याशीं ताडून पाहण्याचे श्रम मात्र कोणी घेत नाहीं. ह्या अपपाठांपैकीं चारपांचांचाच विचार येथें कर्तव्य आहे.

पहिला अपपाठ सर्वांत प्रचलित. हिंदुस्थानांतील पहिली उतारूंची आगगाडी ह्याच कमानींखालून सुटली, असें सर्रास लिहितात. गाडी १६ एप्रिल १८५३ रोजीं दुपारीं साडेतीनच्या सुमारास बोरीबंदरहून निघाली आणि २१ मैलांवरील ठाण्यास पोंचली, ह्याबद्दल वाद नाहीं. परंतु प्रस्तुत इमारतीच्या कामास आरंभ झाला १८७८ सालीं. १८८७ सालीं, व्हिक्टोरिया राणीच्या कारकीर्दीस ५० वर्षें झालीं त्या प्रसंगीं, तिला राणीचें नांव मिळालें आणि सर्व काम पुरें व्हावयास १८८८ साल उजाडलें. सारांश, पहिली गाडी सुटली तेव्हां ह्या वास्तूचा एक चिराहि बसलेला नव्हता. कृष्णशास्त्री भाटवडेकरांचें ‘लोखंडी रस्त्यांचें संक्षिप्त वर्णन’ १८५४ चें, आणि गोविंद नारायण मडगांवकरांचें ‘मुंबईचें वर्णन’ १८६३ चें. मडगांवकरांच्या साक्षीनें कोणी ह्या घुमटाचें कौतुक खपवूं लागला, तर ग्रंथ कधींचा आणि इमारत कधींची, एवढाच प्रश्न त्यास विचारावा. दप्तरांत बनावट सनद ओळखावयाची हीच पहिली रीत आहे.

दुसरी कथा करमणुकीची आहे. मुंबईचे आणि ऑस्ट्रेलियांतील मेलबर्न शहराच्या फ्लिंडर्स स्ट्रीट स्थानकाचे नकाशे लंडनहून पाठवितांना अदलाबदल झाले, आणि त्यांचें स्थानक आपणांस व आपलें त्यांस मिळालें म्हणे! मेलबर्नच्या स्थानकाच्या आराखड्यासाठीं स्पर्धा झाली १८९९ सालीं. तीत फॉसेट व ॲशवर्थ ह्या रेल्वेच्याच दोघां नोकरांची योजना पसंत पडली, आणि इमारत पुरी झाली १९१० सालीं. तेव्हां आपलें स्थानक उभें राहून दोन तपें होत आलीं होतीं. अशा कथा सनावळीपुढें टिकत नाहींत, आणि म्हणूनच त्या सांगणारे सनावळी देत नाहींत.

तिसरा अपपाठ नांवाचा असून ह्या विषयावर प्रस्तुत लेखकास थोडें अधिक लिहावेंसें वाटतें. ‘बोरी’ म्हणजे गोणी, ‘बंदर’ म्हणजे भांडार, म्हणून बोरीबंदर म्हणजे गोण्यांचें कोठार, अशी व्युत्पत्ति इंग्रजी लेखांतून मराठींत आली आहे. ‘बंदर’ हा फारसी शब्द असून त्याचा अर्थ गलबतें लागण्याची जागा असाच आहे. आपल्या किनाऱ्याच्या कागदपत्रांशीं ज्याचा परिचय आहे त्यास हें सांगावयास नको. ‘भांडार’ ह्यांतील आरंभींचा महाप्राण आणि मधला मूर्धन्य वर्ण हीं दोन्हीं एकदम गळून ‘बंदर’ होण्यास मराठीच्या उच्चारांत कांहींएक आधार नाहीं. राहिला पूर्वार्ध. ‘बोरी’ म्हणजे गोणी हा अर्थ अशक्य नव्हे. मालाच्या धक्क्यास तो शोभण्यासारखा आहे. परंतु ‘बोरी’ म्हणजे बोरीचें झाडहि होतें. संस्कृत ‘बदर’ ह्याचें ‘बोर’ असें रूप प्राकृत व्याकरणांतून सिद्धच आहे. आणि ह्याच किनाऱ्यावर थोड्या अंतरावर चिंचबंदर आहे. एका बंदरास चिंचेचें नांव पडलें तर दुसऱ्यास बोरीचें कां पडूं नये? आमचा कल झाडाकडे आहे. निर्णय जुन्या कागदांनींच व्हावयाचा.

आतां रचनेविषयीं. रचनाकार फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स. ही इमारत लंडनच्या सेंट पँक्रस स्थानकाची नक्कल आहे, असें एक पक्ष म्हणतो. ती पौर्वात्य-पाश्चात्य कलांचा अपूर्व संगम आहे, असें दुसरा. स्टीव्हन्सनें युरोपांतील स्थानकें हिंडून पाहिलीं होतीं आणि सेंट पँक्रसचें ऋण टोकदार कमानींतून व कळसांच्या गर्दींतून दिसतेंच. पण मधला अष्टकोनी, फासळ्यांचा, खालून लाकडी आधार न देतां बांधिलेला दगडी घुमट सेंट पँक्रसास नाहीं. तेव्हां नक्कल म्हणणें अन्यायाचें. संगम म्हणणें मात्र भोळेपणाचें आहे. घुमट आहे कशावर, हें किती प्रेक्षकांनीं पाहिलें? तो आहे कंपनीच्या कचेरीच्या जिन्यावर. गाड्या उभ्या राहतात त्या एका बाजूस, लांब छपराखालीं. उतारू त्या बाजूनेंच येतो आणि त्या बाजूनेंच जातो. मुख्य दर्शनी भागाशीं त्याचा संबंध नाहीं. शिखर कचेरीवर आणि देव मंडपाबाहेर, असें देऊळ आमच्या शिल्पशास्त्रानें मान्य केलें नसतें. ही इमारत आधीं ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीची सदर आहे, मग स्थानक. फाटकाच्या एका खांबावर इंग्लंडचा सिंह व दुसऱ्यावर हिंदुस्थानचा वाघ बसविला आहे, त्याचा अर्थहि तोच.

तरी ती सुंदर आहे, हें कबूल केलें पाहिजे. फक्त सौंदर्य कोठें आहे तें नीट सांगितलें पाहिजे. घुमटावर टॉमस अर्प ह्यानें घडविलेली स्त्रीमूर्ति आहे, उजव्या हातांत उंच धरलेली मशाल, बाजूस आऱ्यांचें चाक. ही ‘प्रगति’ होय. आमच्या कोणत्याहि ध्यानश्लोकांत ही देवता नाहीं, आणि इतक्या उंचीवर ती कोणाची कोण हें खालून कळतहि नाहीं. उलट खालच्या भिंतींवर, खांबांच्या माथ्यांवर, जाळ्यांच्या कोपऱ्यांत जीं पानें, फुलें, मोर, माकडें कोरलीं आहेत, तीं सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेच्या विद्यार्थ्यांच्या हातचीं. येथें छिन्नी मोकळी झाली आहे. ज्यानें तो मोर कोरला त्यानें मोर पाहिलेला होता.

आणि येथेंच खरी तक्रार उद्भवते. दर्शनी भागावर कंपनीशीं संबंध असलेल्या थोरांचे मुखवटे गोल चौकटींत कोरले आहेत. त्यांत जगन्नाथ शंकरशेट व जमशेटजी जीजीभाई हे आपलेहि आहेत; पैकीं जमशेटजी १८५९ सालीं व नाना १८६५ सालीं वारले, म्हणजे दोघांनींहि ही इमारत पाहिली नाहीं. मोर कोरणारांचीं नांवें मात्र कोठेंच नाहींत. पोथीच्या शेवटीं गरीब लेखकूसुद्धां आपलें नांव, गांव व तिथि लिहितो. येथें तें पान फाडलेलें आहे.

बांधकामावरील देशी मंडळींपैकीं दोन नांवें इंग्रजी लेखांतून येतात: एक सीताराम खंडेराव, दुसरें ‘मधेराव जनार्दन’. असें नांव मराठींत आढळत नाहीं. रोमन लिपींत ‘माधवराव’ लिहितांना एक अक्षर हुकलें, आणि तो अपपाठ पुढें जसाचा तसा मराठींत परत आला, असा आमचा तर्क आहे. स्टीव्हन्सचें चरित्र जन्मापासून १९०० सालच्या मृत्यूपर्यंत उपलब्ध असावें, आणि त्याच्या शेजारीं उभें राहून काम करणाऱ्याचें नांवहि धड छापलें जाऊं नये, हें इतिहास लिहिणारांस भूषणावह नाहीं.

नांवांच्या बदलाविषयीं फार लिहिण्याचें कारण नाहीं. १९९६ सालीं छत्रपतींचें नांव दिलें, २०१७ सालीं त्यांत ‘महाराज’ हें पद जोडलें. वृद्ध मंडळी अजून ‘व्हीटी’ म्हणतात. ‘बोरीबंदर’ ह्या सर्वांहून जुनें आहे. घड्याळाखालच्या कोनाड्यांतील राणीची मूर्ति आज नाहीं. तो कोनाडा रिकामाच राहूं द्यावा. त्रुटित स्थळीं आपल्या पदरचा पाठ घालणें हें संपादकाचें काम नव्हे.

आज ह्या वास्तूचें जें आकर्षण आहे तें केवळ घुमटाचें नाहीं. समोरच्या पदपथावर छायाचित्रें काढणारा परदेशी पाहुणा, आणि त्याला वळसा घालून लोकल गांठण्यास धांवणारा कारकून, ह्यांपैकीं दुसरा मान वर करून पाहत नाहीं. पण १८ फलाटांचें हें स्थानक त्याच्यामुळें चालू आहे, आणि चालू आहे म्हणूनच तें पडक्या किल्ल्यासारखें झालें नाहीं. ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं देशांतील पहिली विजेची गाडी येथूनच कुर्ल्यास गेली. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्रीं ह्याच फलाटांवर निरपराध उतारू मारले गेले. दुसऱ्या दिवशीं गाड्या पुन्हां धांवूं लागल्या होत्या. हें सर्व त्या दगडांवर लिहिलेलें नसलें तरी त्याच पोथीचा भाग आहे.

सप्टेंबर २०२२ मध्यें केंद्र सरकारनें ह्या स्थानकाच्या पुनर्विकासास मंजुरी दिली. काम होतांना जुनीं लांकडी कपाटें उघडतील, माळे रिकामे होतील, आणि मोजमापाच्या वह्या, हजेरीपटें, मजुरीचे हिशेब रद्दींत जाण्याचा संभव आहे. आपल्यापैकीं जे मुंबईच्या जुन्या बाजारांत कागद धुंडाळतात त्यांस विनंति, कीं १८७८ ते १८८८ ह्या दहा वर्षांतील अशी एखादी वही, किंवा सीताराम खंडेराव व माधवराव जनार्दन ह्यांच्या घराण्यांतील कांहीं पत्रें हातीं लागल्यास तीं मोडी असोत वा इंग्रजी, त्यांची नक्कल मंडळाकडे पाठवावी. ‘मधेराव’ हा पाठ आमचा तर्क चुकीचा ठरवून खरा निघाला, तरी तो छापण्यास आम्हांस आनंदच वाटेल.