मुठीतली मधमाशी

बिल्ड संपेपर्यंत कानाशी काहीतरी असावं म्हणून ‘हाऊस ऑफ फ्लॉवर्स’ची रेकॉर्ड लावली. बिल्ड फेल झालं. रेकॉर्ड मात्र गेले कित्येक आठवडे डोक्यातून जात नाहीये. त्यात ‘अ स्लीपिन’ बी’ नावाचं गाणं आहे. मधमाशी मुठीत धरायची, तिनं डंख मारला नाही तर प्रेम खरं, अशी समजूत. एकोणीस वर्षांची डायान कॅरल ते इतक्या जपून गाते की आपलीच मूठ आवळली जाते.

हे म्युझिकल ३० डिसेंबर १९५४ला ब्रॉडवेवर आलं. कथा आणि संहिता ट्रुमन कपोटीची, संगीत हॅरॉल्ड आर्लेनचं, दिग्दर्शक पीटर ब्रूक. पोर्ट-ओ-प्रिन्समधली दोन कुंटणखान्यांची स्पर्धा आणि त्यातल्या एका घरातली, डोंगरातल्या मुलाच्या प्रेमात पडलेली ओटिली. मालकीण मादाम फ्लर म्हणजे पर्ल बेली. ती आली की ओटिलीची गोष्ट बाजूला पडते आणि तिला परत मध्यभागी आणणं संहितेला जमत नाही. १६५ प्रयोगांत सगळं आटोपलं.

हे हैती खोटं आहे, हे आधी मान्य करू. १९१५ ते १९३४ अमेरिकी नौसैनिकांनी तो देश ताब्यात ठेवला होता. अमेरिकेच्या मनातलं हैतीचं चित्र बरंचसं तिथूनच आलेलं. क्रेओल बोलणारी माणसं इथे मोडकंतोडकं इंग्रजी गातात. स्टील ड्रम वाजतात, तर ते त्रिनिदादचे! कुणाला फरक पडला नसावा. बेटं सगळी सारखीच. (पुढे ब्रूकने ‘महाभारत’ केलं तेव्हा रुस्तम भरुचांनी त्याच्यावर जी टीका केली, ती मला इथे आठवत राहते. दुसऱ्यांची गोष्ट आपल्या मंचावर आणताना काय गळतं, हा त्याचा जुनाच प्रश्न दिसतो.)

मग हे सगळं माहीत असूनही मी ते परत परत का ऐकतो? कारण नाचणाऱ्यांची यादी. आल्विन एली आणि कार्मेन द लाव्हालाड लॉस अँजेलिसहून आलेले. आर्थर मिचेल. आणि त्रिनिदादचा ज्योफ्री होल्डर, स्मशानाचा स्वामी बॅरन सामदी झालेला. त्याचा ‘बांदा’ नाच त्यानं स्वतः बसवला होता. एलीची स्वतःची कंपनी १९५८ची, मिचेलचं डान्स थिएटर ऑफ हार्लेम १९६९चं. होल्डरनं १९७५मध्ये ‘द विझ’ दिग्दर्शित केलं. गोऱ्या लेखकाच्या कल्पनेतल्या कुंटणखान्यात एवढी माणसं एका वेळी जमली होती. कृष्णवर्णीय नर्तकाला ब्रॉडवेवर काम मिळायचं ते बहुतेक अशाच परक्या, रंगीबेरंगी बेटांवर, हा त्यातला कडू भाग. त्यांनी ते काम केलं, आणि उत्तम केलं. म्हणून मला संहितेवरचा राग त्यांच्यापर्यंत नेता येत नाही.

१९५७मध्ये आर्लेननंच लीना हॉर्नला घेऊन ‘जमैका’ केलं. ते ५५८ प्रयोग चाललं. मला त्यातलं एकही गाणं मुठीतल्या मधमाशीच्या जवळ जाणारं वाटत नाही.

अडचण एवढीच, की आपल्या संगीत नाटकांसारखंच इथेही पदं उरली, प्रयोग गेला. बांदा रेकॉर्डवर दिसत नाही. ढोल सुरू होतात, मी हेडफोनचा आवाज वाढवतो, आणि होल्डर जिथे नाचत असेल तिथे फक्त ढोल ऐकू येतात.